इमाबारी की सेन्शू? जपानी टॉवेल घ्यायचा झाला तर

सुट्टीला घरी निघायचं ठरलं की पुण्याहून ताईचा निरोप येतो, ‘येताना इमाबारीचे टॉवेल आण.’ भाच्यांच्या मागण्या दर वर्षी बदलतात, ताईची गेली पाच वर्षं तीच आहे. इकडे ओसाका-कोबे भागात नव्याने आलेली आपली मंडळीही विचारतात, की दुकानात इमाबारी दिसतो, शेजारच्या फळीवर सेन्शू दिसतो, दोन्ही जपानातच विणलेले, मग किमतीत एवढा फरक कशामुळे आणि घ्यायचा कुठला? मी दोन्ही वापरलेत, नऊ वर्षं. त्यामुळे इथे जे लिहितोय ते न्हाणीघरातलं आणि बाल्कनीतल्या दांडीवरचं आहे. मोजमाप काही केलेलं नाही.

मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं टॉवेललाही आहे, आणि बाबांची सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा, म्हणून झाली. टॉवेल हातात आला की आधी काठ बघायचा, मग उलटा करून वीण बघायची, मग लूपमधून, म्हणजे वर उठलेल्या धाग्यांच्या कमानींतून, बोट फिरवायचं, ही सवय लहानपणापासूनची. जपानला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका मोठ्या दुकानात टॉवेलसाठी अख्खा मजला दिलेला पाहिला आणि तिथून पाय निघेना.

आधी ही दोन नावं कुठली ते सांगतो, कारण पुढचा सगळा फरक त्यातूनच येतो.

टॉवेल जपानचा मूळचा नाही. तिथे पूर्वापार अंग पुसायला तेनुगुई होती, आपल्या पंचासारखं साध्या सपाट विणीचं सुती कापड. इंग्लंडहून टॉवेल आले ते १८७२ च्या सुमारास, आणि तेव्हा ते इतके महाग आणि ऊबदार वाटले की लोक ते मफलरसारखे गळ्याभोवती गुंडाळत. पुढे ओसाकातल्या परदेशी मालाच्या एका व्यापाऱ्याने जर्मन टॉवेल दाखवला, आणि सानो गावच्या सातोई एन्जिरो यांनी बरीच खटपट करून १८८७ मध्ये तो मागावर विणायची रीत बसवली. सानो म्हणजे आजचं इझुमिसानो. ओसाका प्रांताच्या दक्षिणेकडचा हा समुद्रालगतचा पट्टा म्हणजे सेन्शू. कानसाई विमानतळावर तुम्ही उतरला असाल तर खाडीपलीकडे दिसणारा किनारा तोच. जपानी टॉवेल जन्मला तो इथे.

इमाबारी आहे शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात, सेतो समुद्राच्या काठी. तिथे आधी पांढरं सुती कापड विणलं जायचं, मग फ्लॅनेल. १८९४ मध्ये आबे हेइसुके यांनी फ्लॅनेलच्याच मागात फेरफार करून टॉवेल विणायला घेतला. म्हणजे सेन्शूच्या सात वर्षं मागून. पुढे मात्र इमाबारीने नक्षीचे जॅकार्ड माग आणले, रंगीत धाग्याचं काम वाढवलं आणि ती जपानातली सगळ्यात मोठी टॉवेल-पेठ झाली. १९९१ मध्ये तिथलं वर्षाचं उत्पादन ५० हजार टनांच्या आसपास होतं. मग चीन आणि व्हिएतनामचा स्वस्त माल आला आणि २००९ पर्यंत ते १० हजार टनांच्याही खाली गेलं. सोलापूरच्या माणसाला हे आकडे वाचताना पोटात कालवतं. बंद पडलेल्या मागांचे कारखाने आम्ही आमच्या गल्लीतच पाहिलेत.

इमाबारी त्यातून वर कशी आली, हे इकडे बहुतेकांना ठाऊक आहे. २००६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी काशिवा सातो या डिझायनरला सोबत घेतलं. त्याने नक्षी, रंग, भरतकाम सगळं बाजूला ठेवून साधा पांढरा टॉवेल पुढे आणला आणि लाल-निळ्या-पांढऱ्या रंगांचं ते चौकोनी चिन्ह दिलं. लाल म्हणजे उगवता सूर्य, निळा म्हणजे समुद्र आणि पाणी, पांढरा म्हणजे ढग आणि टॉवेलचा मऊपणा. हे चिन्ह लावायचं तर तिथल्या उत्पादकांच्या संघटनेच्या चाचण्या पार कराव्या लागतात. त्यातली प्रसिद्ध चाचणी पाच सेकंदांची. टॉवेलचा सेंटिमीटरभराचा तुकडा पाण्यावर सोडायचा, पाच सेकंदांच्या आत तो बुडायला लागला पाहिजे. सेन्शूच्या नावामागे असा गाजावाजा नाही. तिथला माल पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या नावाने गेला, कंपन्यांचे शिक्के मारून भेट म्हणून वाटला गेला. टॉवेल सेन्शूचा आहे हे वापरणाऱ्याला कळायचंही नाही.

माझ्या घरात इमाबारी आधी आला. लग्नानंतर आम्ही दोघं ओकायामाहून शिओकाझे एक्स्प्रेसने समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडून मुद्दाम इमाबारीला गेलो होतो. तिथे एका ठिकाणी माग चालू ठेवून दाखवतात. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेला मी, पण इतक्या जवळून टॉवेलची वीण मीही पहिल्यांदाच पाहिली. उभ्या धाग्यांचे दोन रूळ असतात, एकावरचा ताणा टणक ओढलेला, दुसऱ्यावरचा ढिला. फणी पहिल्या दोन आडव्या धाग्यांना पूर्ण आत नेत नाही, थोडं अंतर राखून ठेवते. तिसरा धागा आला की मात्र जोरात ठोकते. तिन्ही धागे एकदम सरकून विणून झालेल्या कापडाला भिडतात आणि ढिल्या ताण्याला जागा उरत नाही म्हणून तो कमानीसारखा वर उठतो. ती कमान म्हणजे लूप. डोळ्यांसमोर एक ओळ उठत होती, लगेच दुसरी. बायको म्हणाली, ‘शेवयांसारखं दिसतंय.’ आम्ही तिथून दोन मोठे, जाड टॉवेल घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार तिच्या कामाबद्दल नाहीच.

ते टॉवेल खरंच सुंदर होते. कमी पिळाच्या धाग्याचे, हाताखाली लोण्यासारखे. थंडीत अंघोळ करून बाहेर आलो की खांद्यावर घेताच अंगाला ऊब यायची. मुलगी झाली तेव्हा तिला पहिले सहा महिने त्यातच गुंडाळलं. ताईला इमाबारीच हवा असतो त्याचं कारण मला पूर्ण कळतं. तिने एकदा हात लावून पाहिलाय.

सेन्शूचा टॉवेल घरात आला तो फुकट. आमच्या इमारतीशेजारी काम सुरू होणार होतं. इथली पद्धत अशी की ठेकेदाराचा माणूस आधी घरोघर येऊन वाकून सांगतो, काही महिने आवाज होईल, सांभाळून घ्या, आणि हातात एक पातळ पांढरा टॉवेल ठेवतो, कागदी पट्टीत गुंडाळलेला. नव्या वर्षाला बँका, दुकानंही असे टॉवेल देतात. त्या पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सेन्शू टॉवेल’ असं लिहिलं होतं. हे टॉवेल इतके पातळ असतात की त्यांचं वजन अजूनही डझनावर आणि जुन्या मोम्मे या मापात सांगतात. दोनशे मोम्मेचा टॉवेल म्हणजे डझनभराचे मिळून ७५० ग्रॅम, एकाचे जेमतेम ६२. मी तो ओट्याखाली ठेवून दिला, पुसायला होईल म्हणून.

बाबा आले तेव्हा तो बाहेर निघाला.

बाबा-आई पहिल्यांदा जपानला आले तेव्हा जून उजाडला होता. बाबांना न्हाणीघरात जाड टॉवेल दिला. बाहेर आले तर टॉवेल तसाच कोरडा आणि ते स्वतःच्या पंचाने अंग पुसलेले. ‘हा पिळता येत नाही रे,’ एवढंच म्हणाले. त्यांची अंघोळीनंतरची रीत जन्मभराची आहे. पंचाने एकदा अंग टिपायचं, पंचा घट्ट पिळायचा, पुन्हा टिपायचं. इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत जपानी म्हातारे नेमकं हेच करतात. हातभर लांब पातळ टॉवेल घेऊन आत जातात, पिळून पिळून अंग कोरडं करतात, मगच कपडे बदलायच्या खोलीत पाऊल टाकतात. मला तो ओट्याखालचा टॉवेल आठवला. बाबांना दिला. त्यांनी आधी काठ पाहिला, उलटा केला, मग बोट ओलं करून एक थेंब त्यावर सोडला.

कोऱ्या टॉवेलची परीक्षा ते नेहमी अशीच करतात. आपल्याकडचा बाजारातला नवा टॉवेल असला की थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहतो. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून पांजणी करून त्यांना खळ दिलेली असते, वर कापसाचं स्वतःचं मेण आणि तेल असतं. ते सगळं नीट उतरवलेलं नसेल तर पहिल्या चार-पाच धुण्यांपर्यंत टॉवेल पाणी ढकलतो. त्या फुकटच्या टॉवेलवरचा थेंब मात्र टेकला आणि गेला. बाबांनी मग माझा इमाबारीचा मागितला. त्यावरही थेंब तसाच गेला. ‘दोघांनीही खळ पुरती उतरवलीय,’ म्हणाले. तेव्हा पाणी शोषण्याच्या बाबतीत माझ्या लेखी दोन्ही सारखे आहेत. जाहिराती आणि दुकानदार या एकाच गुणाबद्दल बोलत राहतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

फरक आहे तो खळ आणि मेण कधी उतरवतात यात. सेन्शूची खास रीत आहे ‘आतो-झाराशी’, म्हणजे विणून झाल्यावर धुलाई. कच्च्या, पिवळसर धाग्याचाच टॉवेल विणतात, आणि मग अख्खं कापड उकळतात, खळ काढतात, पांढरं करतात, भरपूर पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. म्हणजे मागावरचा सगळा मळ, तेलाचा डाग, खळ हे सगळं शेवटच्या टप्प्यात एकदमच जातं. हाताला येतो तो धुऊन-वापरून मऊ झाल्यासारखा टॉवेल. इमाबारीची ओळख उलटी. तिथे बऱ्याच मालात धागाच आधी पांढरा करतात किंवा रंगवतात, मग विणतात, आणि विणल्यावर खळ काढून टाकतात. धागा आधी रंगवला की जॅकार्डवर हवी ती नक्षी काढता येते, फुलं, लाटा, दोन्ही बाजूंना वेगळे रंग. सेन्शूच्या रीतीत हे जमत नाही. तिथे पांढरा, एकरंगी किंवा वरून छापलेला. हल्ली दोन्हीकडचे कारखाने एकमेकांची रीतही वापरतात, तेव्हा ही विभागणी काटेकोर समजू नका, पण दुकानातल्या फळीवर नजर टाकलीत तर साधारण हेच दिसेल. दोन्ही गावांनी पाण्यावर भर का दिला तेही यातून कळतं. इमाबारीत सोजा नदीचं पाणी आहे, त्यात क्षार कमी, त्यामुळे धागा खरखरीत होत नाही. सेन्शूत डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या छोट्या छोट्या नद्या आहेत.

कापसाचं विचाराल तर तो दोन्हीकडे बाहेरूनच येतो. जपानात कापूस आता नावापुरताच पिकतो. आपण पैसे मोजतो ते विणण्याचे आणि धुण्याचे.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय केला ती सांगतो.

इथे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्सुयु सुरू होतो, पावसाळा म्हणा हवं तर. आपल्यासारखा कोसळत नाही. भुरभुर लागून राहते, आभाळ महिना-सव्वा महिना उघडत नाही, आणि हवा अशी कोंदट होते की चादरसुद्धा दमट लागते. आमची बाल्कनी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. कपडे वाळवायचं यंत्र इथे बऱ्याच घरांत नसतं, आमच्याकडेही नाही. मग सगळे कपडे खोलीत दांडीवर. ‘हेयाबोशी’ असा त्याला शब्दच आहे, घरातल्या घरात वाळवणं.

पहिल्या त्सुयुत इमाबारीचा जाड टॉवेल सकाळी टाकला तो दुसऱ्या दिवशी सकाळी वरून कोरडा, पण काठाची दुमड आणि लूपच्या मुळाशी ओलसर. घडी करून ठेवला. संध्याकाळी अंघोळीनंतर तोंडाला लावला आणि वास आला. कुबट, ओल्या पोत्यासारखा, थोडा आंबूस. गंमत अशी की कोरडा असताना वास येत नाही, पाणी लागलं की येतो. म्हणजे ज्या क्षणी टॉवेल हवा असतो नेमका त्याच क्षणी. स्वच्छ अंघोळ करून बाहेर यायचं आणि चेहऱ्यावर तो वास. मी पुन्हा धुतला. साबण बदलला. वासाचं सॉफ्टनर घातलं, त्याने वास दबला पण टॉवेल पाणी शोषेना, कारण सॉफ्टनर धाग्यावर थर चढवतं. इथे या वासाला ‘नामागावाकी’ म्हणतात, अर्धवट वाळल्याचा वास, आणि तो मोराक्सेला नावाच्या जिवाणूमुळे येतो. कापड जितका जास्त वेळ ओलं राहील तितका तो वाढतो. साध्या धुण्याला दाद देत नाही, साठ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवलं तर जातो. ते मी केलं. बादलीत कढत पाणी, त्यात टॉवेल, वर झाकण. वास गेला. पुढच्या पावसात पुन्हा आला.

चार वर्षं मी दर जूनमध्ये हे करत होतो. मुलीचा चेहरा पुसताना आधी टॉवेल स्वतःच्या नाकाशी धरून बघायचो. ज्या टॉवेलचा वास घेऊन मग वापरायचा तो कितीही मऊ असला तरी मनातून उतरतो, हे मला हळूहळू कळलं.

बाबांचा पातळ सेन्शू त्याच दांडीवर, त्याच खोलीत, त्याच पावसात असायचा. मुळात तो पिळल्यावर त्यात पाणीच कमी उरतं. रात्री टाकला की सकाळी वाळलेला, काठासकट. बाबा-आई महिनाभर राहिले, त्या सबंध महिन्यात त्या टॉवेलला एकदाही वास आला नाही. ते परत गेल्यावर मी नान्काई लाइनने इझुमिसानोला गेलो. साकाईत राहणाऱ्याला ते गाव म्हणजे दुपारची फेरी. स्टेशनामागच्या अरुंद गल्ल्यांतून चालताना एका पत्र्याच्या शेडमधून मागाची खडखड ऐकू आली आणि मी दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो, सोलापूरच्या साखर पेठेत उभा असल्यासारखा. तिथून सहा टॉवेल घेतले. चार पातळ, दोन जरा भरीव, अंघोळीचे. येताना सेन्शूची पाणीदार वांगीही आणली. ती कच्चीच खातात, काकडीसारखी. टॉवेलशी त्यांचा संबंध नाही, पण गेलात तर चुकवू नका.

आता न्याय्य बोलायचं तर हा दोष इमाबारीचा नाही, जाडीचा आहे. इमाबारीतही पातळ टॉवेल विणतात आणि सेन्शूतही गुबगुबीत मिळतात. मी पुढे इमाबारीचा पातळ, एका बाजूने जाळीदार विणीचा टॉवेल घेऊनही पाहिला. उत्तम वाळतो, वास नाही, नक्षी तर अप्रतिम. पण तो मला सेन्शूच्या जवळपास दुप्पट किमतीला पडला, आणि रोज पिळायच्या, रोज वाळत घालायच्या वस्तूत त्या जादा पैशांचं मोल मला जाणवलं नाही. तुम्हाला जाणवू शकेल. दक्षिणेला तोंड असलेली बाल्कनी असेल, घरात ड्रायर असेल, तर माझा हा सगळा त्रास तुम्हाला होणारच नाही आणि मग जाड इमाबारीची ती पहिली ऊब सोडायचं काही कारण उरत नाही. पुण्यात, सोलापुरात, नागपुरात वर्षातले बरेच महिने ऊन असतं. ताईच्या गच्चीवर टाकलेला टॉवेल दुपारपर्यंत कडक वाळतो, तिची निवड तिच्यासाठी बरोबरच आहे. मुंबईत, ठाण्यात, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी मात्र आपले जून ते सप्टेंबर आठवून बघावेत.

आणखी एक लहानशी गोष्ट. कमी पिळाच्या मऊ लूपमध्ये बायकोची जोडवी आणि बांगडीचं टोक सारखं अडकायचं, धागा ओढला जायचा. सेन्शूच्या पातळ टॉवेलचे लूप आखूड, त्यात हे फार कमी होतं. धागा निघालाच तर ओढू नका, कात्रीने मुळापासून कापा. टॉवेलची वीण उसवत नाही.

काही जण विचारतात, मग थेट तेनुगुईच का नको? प्रश्न चांगला आहे आणि माझ्या आवडीचा आहे, कारण मी जिथे राहतो त्या साकाईतच इशिझू नदीकाठी तेनुगुईचं कापड धुवायचे आणि रंगवायचे कारखाने आहेत. ‘चूसेन’ म्हणतात त्या रंगाईला. कापडाचा लांब ताका तेनुगुईच्या मापाने घडीवर घडी घालत जातात आणि प्रत्येक घडीवर कागदी साचा ठेवून त्यातून चिकट लापशी पसरतात. जिथे लापशी बसली तिथे रंग शिरत नाही. मग त्या थप्पीवर झारीसारख्या भांड्यातून रंग ओततात आणि पायाने खटका दाबून खालून हवा ओढतात. रंग एका दमात सगळ्या घड्यांतून आरपार उतरतो. म्हणून चूसेनची तेनुगुई उलटी-सुलटी सारखीच दिसते, तिला मागची बाजूच नाही. मी हे पाहिलं तेव्हा कारागीर दोन झाऱ्या दोन हातांत धरून निळा आणि फिका निळा एकाच वेळी सोडत होता, आणि दोन्ही रंग जिथे भेटत होते तिथे कडा न पडता छटा उतरत होती. ओसाकाच्या या रंगाईला २०१९ मध्ये ‘नानिवा होन्झोमे’ या नावाने पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जाही मिळाला.

तेनुगुई साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ९० लांब. तिची दोन टोकं शिवत नाहीत, मुद्दामच. दुमड नाही, त्यामुळे पाणी साठत नाही, मळ अडकत नाही, आणि वाळते तर बघता बघता. पहिल्या काही धुण्यांत टोकाचे धागे सुटतात, ते कापत जायचे, पुढे आपोआप थांबतं. डोक्याला बांधायला, डबा गुंडाळायला, ओट्यावर, प्रवासात तिला तोड नाही. पण लांब केस पुसायचे तर ती कमी पडते. बायकोने आठवडाभर प्रयत्न केला आणि सोडला. मुलं अंगाला सपाट कापड लावून घेत नाहीत, त्यांना लूपची गुदगुली हवी असते. म्हणून रोजच्या अंघोळीसाठी मी तेनुगुई सुचवणार नाही. पंचाची सवय असलेल्या माणसाला मात्र अवश्य द्या.

खरेदी करताना इमाबारीच्या बाबतीत डोळे झाकून एक करा, ते लाल-निळं चिन्ह आणि त्याखालचा क्रमांक बघा. त्या क्रमांकावरून टॉवेल कुणी विणला ते कळतं. सेन्शूला इतकं ओळखीचं चिन्ह नाही, म्हणून लेबलवर सेन्शूचं नाव आणि ‘आतो-झाराशी’ हा शब्द शोधा किंवा दुकानदाराला विचारा. पहिल्यांदा धुताना दोन्हीकडचा टॉवेल एकटाच धुवा, सॉफ्टनर टाळा, आणि वाळत घालण्याआधी दोन टोकं धरून आठ-दहा वेळा चांगला झटका. लूप उभे राहतात आणि वाळायला मदत होते. लूपवर इस्त्री कधीच फिरवू नका.

कुणाला भेट द्यायची असेल, लग्नात, बारशाला, तर इमाबारीच घ्या. डबा उघडताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पातळ पांढऱ्या टॉवेलने होत नाही. स्वतःच्या घरासाठी, रोजच्यासाठी घेत असाल, आणि त्यातून पावसाचा प्रदेश असेल, तर एकदा सेन्शूचे दोन पातळ टॉवेल घेऊन एक पावसाळा काढून बघा, एवढंच म्हणेन.

पुढच्या महिन्यात सोलापूरला निघतोय. ताईचे दोन जाड इमाबारी पिशवीत गेलेत, या खेपेला मोरपंखी रंगाचे. त्यांच्या खाली सेन्शूचे सहा पातळ ठेवलेत. चार बाबांनी मागितलेत, मागच्या खेपेचे विरले म्हणून. दोन न सांगताच ताईच्या सुनेसाठी घेतलेत. ती डोंबिवलीत राहते आणि तिच्या घराला बाल्कनी नाही.